जुलैत नाहीसं होणारं झाड

पत्राचा सारांश : टोरांटोच्या स्कारबरो भागातल्या एका वाचक बाईंचं हे पत्र. त्या मूळच्या वसईच्या. चार वर्षांपूर्वी त्यांनी दुमजली घर घेतलं. घराच्या उत्तरेला परसू आहे. त्यात एक जुना थोराड मेपल, खाली चिकणमाती, आणि गवत काही लागत नाही. चौथीतल्या मुलीला शाळेत ‘आपल्या प्रांताचं फूल’ म्हणून ट्रिलियम शिकवलं, म्हणून गेल्या मे महिन्यात त्यांनी पांढऱ्या ट्रिलियमच्या तीन कुंड्या फुलांसकट आणल्या आणि मेपलच्या बुंध्याशी लावल्या. सासूबाई तेव्हा तिथंच होत्या. बेलासारखी तीन पानं पाहून त्यांनी एक फूल पानांसकट खुडून महादेवाला वाहिलं. जुलैच्या मध्यापर्यंत तिन्ही झाडं पिवळी पडून नाहीशी झाली. बाईंनी रोज पाणी घातलं, गांडूळखत घातलं, दाणेदार रासायनिक खत घातलं, आणि ऑगस्टमध्ये जिवंत आहेत का हे पाहायला तिन्ही उकरून पुन्हा पुरली. या वसंतात एकाला तीन पानं आली पण फूल नाही, दुसऱ्याला एकच पान, तिसरं उगवलंच नाही. जुलैत ती दोनही पुन्हा गेली. शेजारी म्हणतात, मागच्या दरीत हजारो आहेत, मेमध्ये चार उपटून आणू. नवरा म्हणतो, मेपल तोडू नाहीतर फरशी घालू. सासूबाई फोनवर म्हणतात, ते झाड तुझ्या हाताला लागत नाही. बाई विचारतात : नाद सोडून सरळ हॉस्टा (सावलीत वाढणारं, रुंद पानांचं बागेतलं झाड) लावू का?

सप्रेम नमस्कार,

‘माझी ट्रिलियम दोनदा मेली,’ असं तुम्ही लिहिलंय. एक झाड दोनदा मरत नाही. तुमची दोन तर एकदाही मेलेली नाहीत, आणि तिसऱ्याचंही इतक्यात सुतक धरायला नको.

तुम्ही वसईच्या, तेव्हा शेवळांपासूनच सुरुवात करू. पहिल्या पावसात बाजारात शेवळांच्या जुड्या येतात, तो त्या झाडाचा फुलोरा. पान मागाहून येतं, पावसाळाभर कंदात अन्न भरतं आणि दिवाळीच्या सुमारास वाळून जातं. मग पुढच्या जूनपर्यंत त्या जागी नुसती माती. शेवळाचं झाड मेलं असं मात्र गावात कुणी म्हणत नाही. ट्रिलियमची रीत हीच आहे, फक्त लपण्याचं कारण वेगळं. सह्याद्रीतले कंद कोरड्या महिन्यांपासून लपतात, ओंटारिओच्या पानझडी जंगलातलं ट्रिलियम अंधारापासून लपतं. एप्रिलच्या मध्याला जमीन जरा ऊब धरते आणि मेपलला पानं फुटून वर छत धरेपर्यंत मे संपत येतो. मधल्या सहा-सात आठवड्यांत ऊन थेट जमिनीवर उतरतं. तेवढ्यात ट्रिलियमला उगवायचं, फुलायचं आणि पुढच्या वर्षाची सगळी बेगमी करायची असते. जूनमध्ये वर काळोख झाला की त्याची कमाई आटते. ओलावा चांगला असेल तर पानं ऑगस्टपर्यंत टिकतात, नाहीतर जुलैतच पिवळी पडतात. तुमच्याकडे जे घडलं ते आजारपण नव्हतं, त्याची झोपेची वेळ जरा लवकर झाली इतकंच.

याचा हिशेब एकदा मनात बसला की बाकीच्या गोष्टींचा उलगडा आपोआप होतो. या झाडाच्या एका कोंबाला वर्षाला एकच देठ येतो आणि त्यावर तीनच पानं. ती खुडली तर त्या वर्षी नवी येत नाहीत. सासूबाईंनी फुलासोबत पानं नेली तेव्हा त्या झाडाचा वर्षाचा पगारच गेला. तेवढ्यानं ते मरतंच असं नाही, पण खंगतं, आणि पूर्वपदाला यायला त्याला काही वर्षं लागतात. न उगवलेलं तिसरं झाड तेच असावं असा माझा अंदाज आहे. ट्रिलियम कधीकधी एखादं वर्ष जमिनीखालीच काढतं, म्हणून ते गेलं असं एवढ्यात ठरवू नका. एकाला एकच पान आलं त्याचाही अर्थ हाच. मोठं झाड अशक्त झालं की उलट्या पावली चालतं : फुलाचं बिनफुलाचं होतं, तीन पानांचं एका पानावर येतं. पुन्हा ताकद आली की पुढे सरकतं.

दुसरं असं की फूल यायचं की नाही हे त्या वसंतात ठरत नाही. पुढच्या वर्षाचा कोंब, त्यातल्या कळीसकट, आदल्या उन्हाळ्याच्या अखेरीस कंदाच्या टोकावर तयार होऊन बसलेला असतो. गेल्या मेमध्ये तुम्ही पाहिलेली फुलं नर्सरीची कमाई होती. या मेमध्ये जे दिसलं ते तुमच्या परसातल्या पहिल्या वर्षाचं फळ, आणि ते वर्ष बदलीचं होतं. जागा बदललेलं ट्रिलियम एक-दोन वर्षं रुसतंच, अगदी जाणत्या माणसाच्या बागेतही. तेव्हा ‘हाताला लागत नाही’ हा निकाल जरा लांबणीवर टाका.

काही चुका मात्र तुमच्या आहेत, आणि त्यातली बरीचशी प्रेमापोटी झाली आहेत. ऑगस्टमध्ये उकरणं ही त्यातली मोठी. त्या सुमारास नव्या मुळांची आणि पुढच्या कोंबाची तयारी चालू असते. मुळं तुटली, कोंबाला धक्का लागला तर त्याचा जाब पुढचा मे देतो. चिकणमातीत रोज पाणी घालणं ही दुसरी. झोपलेला कंद पाणी ओढत नाही, मग ते भोवती साचतं आणि कंद सडतो. बोट पाच सेंटिमीटर मातीत घालून पाहायचं. ओल लागली तर पाणी नको. पानं हिरवी असताना आठवड्याला एकूण अडीच सेंटिमीटर पाऊस किंवा पाणी पुरतं. पानं गेल्यावर कोरडा उन्हाळा असेल तर दहा-बारा दिवसांतून एकदा खोलवर पाणी द्या; पाऊस पडत असेल तर काहीच नको. दाणेदार खताची या झाडाला सवयच नाही. जंगलात त्याला मिळतो तो कुजलेला पाला, तोही सावकाश. उन्हाळ्यात टाकलेलं खत तर मेपलच्याच मुळांनी खाल्लं असणार.

आता गांडूळखत. आपल्याकडे गांडूळ म्हणजे शेतकऱ्याचा मित्र, हे शाळेपासून कानावर पडलेलं असतं आणि महाराष्ट्राच्या मातीत ते खरंही आहे. दक्षिण ओंटारिओची गोष्ट निराळी आहे. तो सगळा प्रदेश हिमयुगात बर्फाच्या जाड थराखाली होता. बर्फ हटल्यावर जी जंगलं वाढली ती गांडुळांशिवाय वाढली. आज तिथं दिसणारी बहुतेक गांडुळं युरोपातून आलेल्या वसाहतवाल्यांच्या मागोमाग आली. जंगलातल्या जमिनीवर पाल्याचा जो मऊ थर असतो, ट्रिलियमचं बी ज्यात रुजतं, तो थर ही गांडुळं फस्त करतात. त्यात आता आशियातून आलेल्या, हात लावला की सापासारख्या वळवळून उसळणाऱ्या गांडुळांची भर पडली आहे. ती मातीचा वरचा थर कॉफीच्या चोथ्यासारखा रवाळ करून टाकतात. शंका असेल तर चार लिटर पाण्यात सुमारे 40 ग्रॅम मोहरीची पूड कालवून फूटभर चौरस जागेवर सावकाश ओता. गांडुळं असली तर वर येतात, झाडांना इजा होत नाही. तुम्ही पिशवीतलं तयार खत घातलं असेल तर बिघडलं नाही, पण पेटीतली जिवंत गांडुळं परसात सोडू नका. इतर कुणाच्या बागेतली माती किंवा कुंडी आणली तर मुळांवरची माती धुऊन मगच लावा.

यापुढचं सगळं जागेवर अवलंबून आहे, आणि इथं तुमच्या पत्रातलं एक गृहीत तपासायला हवं. ‘सावलीतलं झाड आहे म्हणून सगळ्यात गडद सावलीत लावलं,’ असं तुम्ही म्हणता. पण सावली दोन प्रकारची असते. मेपलची सावली एप्रिलमध्ये नसते. घराची सावली बारा महिने असते. घराला काही पानगळ होत नाही! तुमचं परसू उत्तरेला, म्हणजे भिंतीलगतची पट्टी ट्रिलियमला त्याच्या कमाईच्या आठवड्यांतही अंधारीच राहणार. छपराची कड सात मीटर उंच धरली तर टोरांटोत 20 एप्रिलच्या मध्यान्ही घराची सावली भिंतीपासून साधारण साडेचार मीटर पडते, 20 मेला तीन मीटरच्या आसपास. हे मोजायला एप्रिलपर्यंत थांबायची गरज नाही. 22 ऑगस्टला सूर्य जेवढा उंच असतो तेवढाच तो 20 एप्रिलला असतो. तेव्हा 22 ऑगस्टच्या सुमारास दुपारी एक वाजून वीस मिनिटांनी परसात जा (उन्हाळी वेळेमुळे टोरांटोची खरी मध्यान्ह तेव्हा असते), घराच्या सावलीची कड जिथं पडते तिथं खुंट्या ठोका, आणि ट्रिलियम त्या ओळीच्या पलीकडेच लावायचं असं ठरवून टाका. कुंपण लाकडी आणि उंच असेल तर त्याच्या सावलीकडेही त्याच वेळी एक नजर टाका.

मग मेपल. एक पान तोडून देठ मोडून पाहा. पांढरा चीक आला तर तो नॉर्वे मेपल, युरोपातून आणून टोरांटोच्या रस्तोरस्ती लावलेला. चीक स्वच्छ पाण्यासारखा असेल तर बहुधा शुगर किंवा रेड मेपल, आणि मग तुम्ही नशीबवान, कारण शुगर मेपलखालची जमीन हे पांढऱ्या ट्रिलियमचं माहेरच. गवत लागत नाही यावरून मला नॉर्वेचा संशय येतो. त्याची सावली जास्त दाट असते आणि मुळांचं जाळं वरच्या वीतभर मातीतच पसरलेलं असतं. पाणी आणि जागा दोन्ही तोच बळकावतो, म्हणून अशा मेपलच्या बुंध्याशी काही लावणं म्हणजे पोराला पंगतीच्या शेवटी बसवणं. बुंध्यापासून किमान अडीच-तीन मीटर दूर जा. खुरप्यानं हळूहळू खणा. अंगठ्यापेक्षा जाड मूळ लागलं तर ते न तोडता वीतभर बाजूला सरका. मुळांवर माती चढवून वाफा करायचा मोह होईल, पण पाच सेंटिमीटरपेक्षा जास्त भर घातली तर मेपलची मुळं गुदमरतात.

मेपल तोडायच्या बेताबद्दल तुमच्या यजमानांना दोन गोष्टी सांगा. टोरांटो शहरात खाजगी जागेतलंही झाड, जमिनीपासून 1.4 मीटर उंचीवर त्याच्या खोडाचा व्यास 30 सेंटिमीटर किंवा जास्त असेल, तर महापालिकेच्या परवान्याशिवाय तोडता येत नाही, त्याला इजाही करता येत नाही. आणि झाडच गेलं तर तिथं भर उन्हाची जागा होईल, मग ट्रिलियमचा विषयच संपला. खालच्या एक-दोन फांद्या जाणकार आर्बोरिस्टकडून, म्हणजे झाडांची निगा राखणाऱ्या तज्ज्ञाकडून, काढून घेतल्या तर मेमधला उजेड थोडा लांबतो, एवढं पुरे. फरशी घालणं म्हणजे त्याच मुळांवर झाकण ठेवणं. मेपल दोन वर्षांत काही बोलणार नाही, दहा वर्षांत वाळेल.

तर आता काय करायचं? सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात तिन्ही झाडांची जागा बदला. ही शेवटची उकराउकर. यानंतर पाच वर्षं हात लावायचा नाही. तिन्ही जागा बाजूनं, लांबून खणा आणि मातीचा गोळाच उचला. कंद हळकुंडासारखा आडवा, तपकिरी, वळ्यावळ्यांचा असतो आणि एका टोकाला पांढुरका टोकदार कोंब असतो. तो कोंब म्हणजे पुढचं वर्ष, त्याला बोट लागू देऊ नका. कंद दाबून पाहा : आल्यासारखा टणक असेल तर जिवंत, मऊ आणि घाण वासाचा असेल तर सडलेला, पोकळ साल उरली असेल तर गेलेला. थोडाच भाग सडला असेल तर स्वच्छ सुरीनं तो कापून टाका आणि तासभर सावलीत सुकू द्या, जास्त नको.

नव्या जागी आधी पाण्याची परीक्षा. 30 सेंटिमीटर खोल खड्डा करून पाण्यानं भरा, जिरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी चार तासांत गेलं तर ठीक. आठ तासांनीही तळ दिसत नसेल तर ती जागा सोडा, किंवा मेपलच्या मुळांपासून दूर असाल तरच दहा सेंटिमीटर उंचवटा करून त्यावर लावा. प्रत्येक झाडाला 30 सेंटिमीटर रुंद, 20 सेंटिमीटर खोल खड्डा पुरतो. निघालेल्या मातीत तिच्या निम्म्यानं पूर्ण कुजलेला पालापाचोळा मिसळा. वाळू घालू नका. चिकणमातीत थोडी वाळू मिसळली की वीट होते. शेणखत नको, कोंबडीखत नको, ‘जंगलातल्या झाडांना आम्ल लागतं’ म्हणून विकतात ती आम्लखतंही नकोत. पांढरं ट्रिलियम चुनखडीच्या जमिनीतही खुशाल वाढतं. कंद आडवा ठेवा, कोंबाचं टोक किंचित वर, कंदावर आठ सेंटिमीटर माती येईल असा. माती फारच चिकट असेल तर सहा. दोन झाडांत 25 ते 30 सेंटिमीटर अंतर. प्रत्येकाला चार-पाच लिटर पाणी एकदा सावकाश द्या, मग पाऊस नसेल त्या आठवड्यालाच, जमीन गोठेपर्यंत.

ताजी उकरलेली माती दिसली की खारींना काहीतरी पुरलंय असं वाटतं आणि त्या खणायला येतात. म्हणून वर बारीक तारेची जाळी सपाट अंथरा, कडांना दगड ठेवा, आणि मार्चअखेर ती काढायला विसरू नका, नाहीतर कोंब तारेत अडकून मोडतात. जाळीवर पाच सेंटिमीटर पाल्याचं आच्छादन. मेपलची पानं अख्खी टाकली तर ओली होऊन चामड्यासारखा थर बसतो, त्यावरून एकदा गवत कापायचं यंत्र फिरवून चुरा करा. उरलेला चुरा पिशव्यांत ओलसर ठेवून, पिशव्यांना भोकं पाडून कोपऱ्यात टाका. वर्ष-दीड वर्षात तुमचा स्वतःचा कुजलेला पाला तयार होईल आणि पिशवीतलं खत आणायची गरजच उरणार नाही.

एप्रिलमध्ये त्या जागेवर दाताळं फिरवायचं नाही, चालायचंही नाही. एक कोंब मोडला म्हणजे एक वर्ष गेलं. गारठ्याच्या सकाळी कोंब जमिनीवर लोळलेले दिसतील. घाबरू नका, दुपारपर्यंत उभे राहतात. सशांसाठी जूनपर्यंत 45 सेंटिमीटर उंच जाळीचं कडं ठेवा. पानांना वेडीवाकडी भोकं दिसली तर ते बिनशंखाच्या गोगलगायींचं काम. लोह-फॉस्फेटच्या गोळ्या चिमूटभर पसरल्या की भागतं. पिवळी पडलेली पानं ओढून काढू नका. ती आपसूक हातात येतात तेव्हाच त्यांचं काम संपलेलं असतं. पुढच्या मेमध्ये फूल येईल असं मी म्हणणार नाही. तीन पानं गेल्या वेळेपेक्षा मोठी आली तर समजा चाललंय बरं. फुलाची वाट त्याच्या पुढच्या वर्षी पाहा. फूल जुनं होत गेलं की पांढऱ्याचं गुलाबी होतं, तेव्हा ‘आता काय झालं’ म्हणून खत आणू नका.

शेजाऱ्यांचा दरीचा बेत मात्र मोडून काढा. ओंटारिओनं 1937मध्ये हे फूल प्रांताचं म्हणून निवडलं, त्यामुळे ते कुठंही तोडणं बेकायदा आहे असा तिथं सर्रास समज आहे. असा सरसकट कायदा नाही. पण प्रांतिक उद्यानं, संवर्धन क्षेत्रं, महापालिकेच्या बागा आणि दऱ्या, रूज नॅशनल अर्बन पार्क, या सगळ्या ठिकाणी झाडं उपटायला बंदी आहे, आणि स्कारबरोतली ‘मागची दरी’ यापैकीच कशात तरी मोडणार. कायदा बाजूला ठेवला तरी व्यवहार तोट्याचा आहे. मेमध्ये, फुलात असताना, घाईघाईत उपटलेल्या कंदाची मुळं खालीच राहतात आणि तुम्ही आत्ता जे पाहताय तेच पुन्हा पाहाल. फुलाला आलेलं जंगली झाड म्हणजे कमीत कमी सात-आठ वर्षांची, बऱ्याचदा त्याहून जास्त काळाची वाढ. शिवाय मातीबरोबर गार्लिक मस्टर्ड किंवा डॉग-स्ट्रँगलिंग व्हाइन अशा चिवट परदेशी तणांचं बी आलं तर ते निस्तरण्यात पुढची दहा वर्षं जातील. शेजारी वाईट नाहीत, त्यांना हजारोंची गर्दी दिसते, तिचं वय दिसत नाही. त्यांना मे महिन्यात चहाला बोलवा आणि दरी बघायला सगळे मिळून जा.

नवी रोपं घ्यायची तर नर्सरीत एक प्रश्न विचारा : ‘हे बियांपासून तुम्हीच वाढवलंय का?’ ‘नर्सरी-ग्रोन’ लिहिलेलं रोप जंगलातून उपटून वर्षभर कुंडीत ठेवलेलंही असू शकतं. ‘नर्सरी-प्रॉपगेटेड’ म्हणजे तिथंच जन्मलेलं. सात-आठ वर्षं सांभाळलेलं झाड स्वस्त असूच शकत नाही, म्हणून पिशवीत सुके कंद तीन-तीन करून विकणाऱ्यांपासून लांब राहा. पाकळ्यांवर हिरवे पट्टे असलेलं ‘दुर्मिळ’ ट्रिलियम कुणी दाखवलं तर तो फायटोप्लाझ्मा नावाच्या जिवाणूंचा रोग आहे, घरी आणू नका. टोरांटोत नॉर्थ अमेरिकन नेटिव्ह प्लांट सोसायटी वसंतात देशी रोपांची विक्री भरवत आली आहे. तिथं खात्रीचं मिळण्याची शक्यता जास्त.

मुलीला सांगण्यासारखी गोष्ट बियांत आहे. ट्रिलियमच्या बीला एक मऊ, तेलकट गोंडा असतो. मुंग्या त्या गोंड्यासाठी बी वारुळात नेतात, गोंडा खातात आणि बी उकिरड्यावर टाकतात. रोप तिथं उगवतं. पुढेमागे तुमच्या झाडाला फळ धरलं तर जुलै-ऑगस्टमध्ये ते मऊ पडल्याबरोबर बी काढून त्याच दिवशी एक सेंटिमीटर खोल पेरा. वाळवून पाकिटात ठेवलेलं बी आणखीनच आळशी होतं. पहिल्या वसंतात वर काहीच दिसत नाही, खाली फक्त मूळ फुटतं. दुसऱ्या वसंतात एक इवलं पान येतं. मग काही वर्षं एकच पान, मग तीन, मग फूल. आज चौथीत असलेली मुलगी युनिव्हर्सिटीत जाईल तेव्हा. मुलांना वाट पाहायचा कंटाळा येतो म्हणतात, पण खुंटीवर तारीख लिहून ती खुंटी तिच्या मालकीची केली की येत नाही.

हॉस्टाचं काय? लावा की! नाद सोडून नव्हे, जोडीला. ट्रिलियम झोपल्यावर जी जागा रिकामी दिसते आणि तुमच्या मनात शंका घालते, ती झाकायला कोणीतरी हवंच. फक्त हॉस्टा मोठं पान पसरतो, त्याला साठ सेंटिमीटर लांब ठेवा. माझं मत विचाराल तर फर्न जास्त शोभतात : मेडनहेअर फर्न, म्हणजे आपल्या हंसराजाच्या कुळातला, उशिरा उलगडतो आणि नेमका ट्रिलियम मावळताना भरात येतो. जॅक-इन-द-पल्पिट तर सापकांद्याचं सख्खं भावंड, ओंटारिओचंच, आणि ट्रिलियमपेक्षा कितीतरी सोशिक. त्याचा कंद कच्च्या सुरणापेक्षा जास्त खाजरा असतो, तेव्हा शेवळांसारखी भाजी करून पाहायचा विचार मनात आणू नका. वाइल्ड जिंजर नावाचं जमीन झाकणारं रोपही छान, पण नाव आणि वास आल्याचा असला तरी ते चहात घालायचं नाही. त्यात मूत्रपिंडाला घातक द्रव्य असतं. इंग्लिश आयव्ही, व्हिंका, गाउटवीड या जमीन व्यापून टाकणाऱ्या परदेशी रोपांना मात्र परसात पाऊल टाकू देऊ नका.

असाच प्रश्न इतरांनाही पडतो. न्यू जर्सीत हरणं ट्रिलियम शोधून खातात, तिथं जाळीचं कडं नुसतं जूनपर्यंत नव्हे, कायमचं. इंग्लंडात खरी लढाई गोगलगायींशी, तीही कोंब जमिनीतून डोकं काढतो त्या पंधरवड्यात. पुण्याला कंद नेता येईल का, असंही विचारलं जातं. नका नेऊ. तीन-चार महिने कडाक्याची थंडी मिळाल्याशिवाय त्याचा कोंब जागा होत नाही. पुण्या-मुंबईच्या सावलीच्या परसात हाच आनंद भुईचाफा देतो : उन्हाळ्यात पानांआधी जमिनीतून थेट फुलं, पावसाळाभर पानं, मग हिवाळ्यात कंद झोपी. त्याला तेव्हा पाणी बंद करायचं, कुंडी कोपऱ्यात ठेवायची, आणि रिकामी समजून मोलकरणीनं फेकू नये म्हणून चिठ्ठी लावायची.

राहिल्या सासूबाई. त्यांना पुढच्या खेपेला झाड नीट दाखवा. पांढऱ्या ट्रिलियमचं फूल पानांवर थेट बसलेलं नसतं. तीन पानांच्या मधून दोन-तीन इंचांचा वेगळा देठ वर येतो आणि त्यावर फूल असतं. तो देठ पानांच्या वर नखानं खुडला तर झाडाचं काही नुकसान होत नाही, उलट बी धरण्याचा खर्च वाचतो. फूल महादेवाला, पानं झाडाला.